भट्टी विझली, भोंगा वाजत राहिला

मी भोंगा बोलतोय, आणि हळू बोलायची मला सवय नाही. सिलतरा या कारखान्यांच्या गावात स्पंज आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, करणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या छपरावर माझा मुक्काम. दुपारी एकला मी तोंड उघडलं की खाली भट्टीवाल्यांचे डबे उघडतात. मला वाजवतो तो हिरालाल, भट्टीचा फोरमन. बटण दाबलं की तो हात धुवायला जातो. मोठं सुखाचं चाललं होतं आमचं.

मग दूरदेशी कोळसा महागला. आमची भट्टी जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालते आणि त्याचे पैसे मोजायचे डॉलरात. त्यातच तेलाचे भाव भडकले, जो तो डॉलर घ्यायला धावला आणि रुपया घसरला. म्हणजे कोळसा तिकडे महागलाच, वर इकडे येईतो पुन्हा महागला! लोखंडाचा भाव मात्र हलायला तयार नाही. मालक सुशीलभाऊ माणूस चांगला, पण तोटा तरी किती सोसणार? त्यांनी भट्टी विझवली आणि मलाही गप्प करायला सांगितलं.

हिरालालला काळजी भट्टीवाल्यांची. ही माणसं त्याने एकेक करून तयार केली होती. ती पांगली, तर उद्या कोळशाचा भाव उतरूनही भट्टी पेटवणार कोण?

"भाऊ, भट्टी बंद ठेवा, पण भोंगा वाजू द्या," तो म्हणाला. "एवढंच मागून राहिलो." भाऊंनी हसून मान डोलावली.

घरी बायकोने, सरलाने, त्याला वेड्यात काढलं. काम नाही तं डबा काहून, असं ती कुरकुरली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने डबा भरून दिला.

मग काय गंमत! कोणी शेजारच्या गोदामात पोती उचलायचं, कोणी ट्रक धुवायचं. पण मी ओरडलो की सगळे फाटकापाशी हजर. याची भाजी त्याच्या भातावर. भट्टीवरच्या यशदीपला तर लांब अभनपुरात कायमचं काम मिळत होतं. तो विचारायला आला तेव्हा हिरालालने हातातला घास डब्यात ठेवला. अडवणार तरी कोणत्या तोंडाने?

"जाय बाबा," तो म्हणाला. "पण उद्या जेवून जाय."

यशदीप दुसऱ्या दिवशी आला, जेवला आणि उद्या जेवून जातो म्हणाला. असाच रोज येत राहिला.

शेवटी कोळसा उतरला, रुपयाही जरा सावरला. सुशीलभाऊ माणसं शोधायला निघाले आणि फाटकातच थबकले. अख्खी टोळी समोर जेवत बसलेली! हिरालालने सरकून जागा केली, डब्याच्या झाकणात भात वाढला. भाऊ खाली मांडी घालून बसले. माझा ऊर नुसता भरून आला.

आता भट्टी पुन्हा तापली आहे. माझा आवाज घोगरा झालाय म्हणे. होऊ दे. कोळसा पुन्हा चढेल, डॉलरही चढेल, ते काही माझ्या हातात नाही. तुम्ही फक्त दुपारी एकला मला वाजू द्या. यशदीप अजून रोज सांगतो, उद्या जेवून जातो.