राखणीचा वाटा

रुखमानं पदर पुढं ओढला आणि पुन्हा एकदा ओसरीबाहेर पाहिलं. ऊन चिंचेच्या बुंध्यावरून शेंड्याकडं सरकलं होतं, आणि भय्याजी पाटलांचं बोलणं काही संपायचं नाव घेईना.

"टोली जंगलाच्या तोंडाशी. धोका जास्त कोणाले? तुमाले. मंग वाटाही जास्तच द्या लागते," ते म्हणाले. "गावात घरामागं एक पायली धान, टोलीत दोन."

वाघ मारायला सरकारची बंदी, म्हणून गावानं बंदुकीचे बार काढून त्याला पिटाळायला दोन राखणदार ठरवले होते; हा वाटा त्यांच्या मजुरीचा. टोली ही मजुरांची वस्तीही गावानंच वसवलेली, तलावाच्या बांधापलीकडं, गावाच्या शेतांवर राबायला. आठ दिवसांपूर्वी दिवेलागणीला वाघानं टिकारामला त्या बांधावरूनच नेलं. रुखमा त्याची बायको. तिच्यापुढं तरी पाटील नरमतील, म्हणून टोलीनं तिला भर दुपारी धाडलं होतं. नरमतात कसले!

"राखणदार उभे कुठं राहतीन?" तिनं विचारलं.

"इथं, माह्या दारापुढं. बार काढला का टोलीपावतर ऐकू येते."

"वाघालेही ऐकू येईन. मंग तो बांधावरून आमच्याकडंच येईन नं?"

कुणीतरी खाकरलं. भय्याजींनी अडकित्ता उचलला.

"तू कायले एवढी भेऊन राहिली?"

कायले म्हणे! घरी चार वर्षांची पोर शेजारणीच्या हवाली होती, आणि तिला त्याच बांधावरून एकटीनं जायचं होतं. आज आपणही गेलो तर त्या लेकराचं कोण, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

"दोन पायल्या कबूल," ती उठत म्हणाली. "फक्त आता मले कोणी घरापावतर सोडून द्या."

ओसरीवर दहा-बारा बाप्ये होते. एकानं चपला पायात सरकवल्या आणि तसाच बसून राहिला. तिथंच बसलेला एक राखणदार बंदूक पुसू लागला. ती तशी स्वच्छच होती.

तेवढ्यात आतून भय्याजींची बायको, गोदावरीबाई, कंदील घेऊन बाहेर आली.

"चाल रुखमा. मी येतो."

आता काय करतात! मालकीणच निघाली म्हटल्यावर भय्याजींना उठावं लागलं, त्यांच्यामागं दोन्ही राखणदारांनाही.

बांधावर सगळे एकमेकांना खेटून चालले. जिथं टिकारामचं मुंडासं सापडलं होतं तिथं रुखमाचं पाऊल उचलेना. गोदावरीबाईनं तिचं मनगट गच्च धरलं.

टोलीत पोचेस्तोवर अंधार दाटला. पोर धावत येऊन कमरेला बिलगली, तेव्हा कुठं रुखमाला रडू फुटलं. भय्याजी मात्र वळून बांधाकडं बघत होते. तिकडं काहीच दिसत नव्हतं.

"रुखमा," ते हळूच म्हणाले, "परत जायाले टोलीतले चार गडी दे सोबत. मशाली घेऊन."

तिनं पोरीला कडेवर घेतलं.

"पोरीच्या बापानंही सोबत मागितली होती त्या दिवशी. तुमच्याच खळ्यावर."

गोदावरीबाई कंदील खाली ठेवून ओट्यावर बसली. मग भय्याजीही चपला काढून कडेला टेकले आणि एका राखणदाराला म्हणाले,

"बार इकडूनच काढ."