बाटलीतलं लिंबू

पहिला घास तोंडात घातला आणि चाम्पी चावायची थांबली.

उबोन शहरातल्या नदीकाठी लामदुआनच्या गाडीवर ती रोज दुपारी जेवायची. कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, लसूण, मुरवलेली मासळी, सगळं उखळात ठेचून वर लिंबू पिळलं की उन्हाने मेलेली भूक उठून बसायची. आज मात्र जिभेवर औषधासारखा कडवट आंबटपणा उतरला.

"लामदुआन, लिंबू ताजं आहे ना गं?"

"आत्ताच पिळलं की, मावशी." लामदुआनने मान वर केली नाही.

चाम्पी उठली, गाडीमागे गेली आणि टोपलीवरचं फडकं ओढलं. खाली लिंबाच्या रसाची विकतची बाटली.

"हे लिंबू कुठल्या झाडाला लागतं गं, बुचासकट?"

थांबलेली गिऱ्हाइकं फिसकन हसली. लामदुआन लालबुंद झाली. "या उन्हाळ्यात लिंबांना हात लावायची सोय नाही. बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच जीभ तेवढी सोन्याची!"

"बाटली वापरलीस, वापर! पण माझ्या तोंडावर खोटं? गाडी सुरू केलीस तेव्हा चाखून सांगायला कुणाला बोलवत होतीस?"

"मग घरीच कुटून खा ना!"

ताट तसंच टाकून चाम्पी निघाली. घरी शिलाई मशीनवर बसली, तर रागाच्या भरात एका सदऱ्याची बाही उलटी लावली. उसवताना तिला रडूच आलं. आंबटपणाचं जाऊ दे. आपण परक्या झालो, हे झोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने परसातल्या कैऱ्या काठीने पाडल्या आणि टोपली नेऊन लामदुआनच्या पुढ्यात आदळली.

"लिंबं महागली, तर कैऱ्या मेल्या होत्या का?"

"मावशी, तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत!" चाम्पीने तिच्या हातून मुसळ हिसकावलं. मिरची, लसूण ठेचला, पपईत कैरीचा कीस घालून दणादण कुटलं. मिरचीच्या वासाने रांगेतल्या ट्रकवाल्याला ठसका बसला, तरी तो म्हणाला, "मला यातलंच द्या."

लामदुआनने चिमूटभर चाखलं. मग मुरवलेल्या मासळीचं पाणी ओतलं, टोमॅटो चिरून टाकला. चाम्पीनेही चाखलं. आता बरोबर जमलं होतं, आणि ते कबूल करायची तिची मुळीच तयारी नव्हती.

बाटली लामदुआनने गटारात रिकामी केली. मग चिकट भाताची करंडी आणि ताट चाम्पीपुढे सरकवलं.

"चुकलं माझं, मावशी. अजून रागावलात?"

"हो. जेवून झाल्यावरही रागावणार आहे."

भाताचा गोळा कैरीच्या रसात बुडवून तिने घास घेतला. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं. पदार्थ फर्मास झाला होता, आणि राग काही केल्या उतरत नव्हता.