अडीच हजार विटा आणि एक ढग

"झाका म्हणतेय ना मी," मी विटांच्या थप्पीवर उभी राहून ओरडले.

"आधी खाली उतर. थप्पी ढासळली तर तुलाच भट्टीत घालीन," आप्पा साच्यातला चिखल तळहातानं सपाट करत म्हणाला. मान काही वर केली नाही त्यानं.

दोन दिवस खपून आप्पा, आई आणि मी अडीच हजार विटा पाडल्या होत्या. सगळ्या उघड्यावर, ओल्या. पाऊस आला तर चिखलाचा परत चिखल. पण पाऊस नसताना वर प्लास्टिक टाकलं तर आत घामेजतात आणि कडा बसतात. गेल्या आठवड्यात माझं ऐकून दोनदा झाकल्या. दोन्ही वेळा कडक ऊन. सहाशे विटांच्या उशा झाल्या. तेव्हापासून आप्पा फक्त मोबाइलचं ऐकतो.

"मोबाइल म्हणतो, आज कोरडं."

"मोबाइल अख्ख्या जिल्ह्याचं एकदम सांगतो. हा ढग आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे."

"उचलली जीभ लावली टाळ्याला. नववीतनं शाळा सोडली आणि हिला ढगातलं कळतं."

"ढगापायीच सोडली."

खरंच. सरांनी ढगाची आकृती काढायला सांगितली. मी खिडकीतून दिसत होता तो काढला. सर म्हणाले, पुस्तकातला काढ. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि घरी आले, ती आलेच.

आई पाण्याची बादली ठेवून वर बघायला लागली. "मला तर नेहमीसारखाच दिसतोय."

"आई, पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात ना? तसंच हे. जमीन तापते, हवा वाफ घेऊन वर जाते. वर गारठा लागला की वाफेचे थेंब होतात. जिथून थेंब धरायला लागतात तिथं ढगाचं बूड. म्हणून बघ ते कसं सपाट आहे, तारेनं कापल्यासारखं."

"आणि वरचं?"

"वरचं फुगतंय. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. मघाशी एवढंसं होतं. बुडाला काळं धरलं, म्हणजे आता वजन पेलत नाही त्याला."

"अहो, पोरगी खरं बोलतेय वाटतं."

"गेल्या आठवड्यातही तुला तसंच वाटलं होतं." आप्पानं साचा खाली ठेवला. "पैज लाव. आपल्या जागेत थेंब पडला तर परत शाळेचं नाव काढणार नाही. नाही पडला तर सोमवारपासून शाळा. धाकटीच्या वर्गात."

धाकटी म्हणजे माझी बहीण. दर वेळी पहिली येते आणि जेवताना सगळ्यांना ते सांगते.

"लागली," मी म्हटलं.

आईला दोघांचाही भरवसा नव्हता. तिनं आत्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. आत्या टेकडीपलीकडच्या गावात राहते. वारा तिकडूनच येतो, त्यामुळे तिच्याकडचा पाऊस जरा वेळानं आमच्याकडे.

"काही नाही गं, खडखडीत कोरडं आहे," आत्या म्हणाली.

आप्पानं माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. चिखलाचाच हात.

"आत्या, मागं आवाज कसला?" मी विचारलं.

"टीव्ही चालू आहे. लोक टाळ्या वाजवतायत. कुणीतरी चांगलं गायलं असेल."

"जरा बंद कर बरं टीव्ही."

तिनं बंद केला. टाळ्या चालूच.

"अगं बाई, पत्र्यावर आहे हे. माझी गादी," आत्या म्हणाली आणि फोन कुठंतरी आदळला.

मग आमची जी पळापळ झाली. आप्पा प्लास्टिकचं एक टोक धरून उत्तरेला, मी दुसरं धरून दक्षिणेला, दोघं एकमेकांना शिव्या देतोय आणि प्लास्टिक वाऱ्यानं फुगून आप्पाला पाठीवर पाडतंय. आई एका कोपऱ्यावर आडवीच झाली. "दगड ठेवा, नाहीतर मी उडते," म्हणत हसत सुटली. तिचं बघून मला हसू आवरेना. अंगावर गार वारा आला आणि शेवटचा दगड ठेवला तेव्हाच पाऊस दिसला. पांढरी भिंत चालत येतेय असा.

आला, आला, आणि रस्त्यापाशी थांबला.

पलीकडच्या शेतात धो धो, अलीकडे धूळ. मी पळत रस्ता ओलांडला, पावसात उभी राहिले. "पड की पुढं," त्याला म्हटलं. तो तिथंच रिकामा झाला.

परत आले तर आप्पा ढेकळावर आरामात बसलेला. "आपल्या जागेत थेंब नाही. दप्तर काढ."

मी जवळ गेले. वेणी पुढं घेतली आणि त्याच्या पायाशी घट्ट पिळली. चांगली धार लागली.

"पडला," मी म्हटलं. "कुठून पडायला हवा ते ठरलं नव्हतं."

आईनं पदर तोंडात कोंबला. आप्पानं त्या ओल्या मातीत अंगठा दाबून बघितला.

"हरलो," तो म्हणाला. "आजपासून आभाळ तुझं. तू म्हणशील तेव्हा झाकायचं. पण एक सांग, हे ढग धरतात कधी?"

"दुपारनंतर," मी छाती काढून म्हटलं. "जमीन तापायला वेळ लागतो. सकाळी काही नसतं, नुसतं निळं."

"शाळा सुटते किती वाजता?"

"साडेबारा."

"मग सकाळी तुझं इथं काय काम?"

आई तर आता हसत हसत खालीच बसली होती. आप्पा उठून प्लास्टिकवरचे दगड काढायला लागला आणि मी पावसाळ्यातल्या सकाळी आठवून बघत होते, एखादी तरी ढगाळ निघते का.