नाळीवरची दक्षिणा

मालवणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे अमिरातीतल्या खोर फक्कानला तो समुद्रातून वर येतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा सकाळी अर्घ्य देताना समोर डोंगराऐवजी पाणी दिसायचं आणि आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. पुढे सवय झाली. ह्यांना मात्र इथल्या कशाचीच सवय झाली नाही. हे, म्हणजे भिवा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये होते. गाबिताचा मुलगा, आजा-पणजा सगळे दर्यावर गेलेले, आणि इथे दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून दुसऱ्यांच्या बोटी पाण्यात लोटायच्या.

वर्कशॉपचे मालक, त्यांना सगळे अरबाब म्हणत, फार भला म्हातारा. मागच्या अंगणात एक फुटकी फायबरची होडी उन्हात पडलेली होती. "नीट केलीस तर तूच चालव," ते ह्यांना म्हणाले. दोन हिवाळे काम सुटलं की हे तिच्यापाशीच. कागदावर ती अरबाबांची, पण तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा ह्यांना पाठ.

९८ साली ती पाण्यात उतरायची झाली आणि परवान्याचा प्रश्न आला. हौशी परवाना घेतला तर घरच्यांना, मित्रांना घेऊन मासे पकडायला जाता येईल, पण कुणाकडून पैसा घ्यायचा नाही. चार्टरचा घेतला तर गिऱ्हाइकं नेता येतील, मात्र सुकाणूवर सर्टिफिकेटवाला कॅप्टन हवा. ह्यांच्याकडे सर्टिफिकेट कुठलं?

बरोबर काम करणारे तय्यबभाई दाभोळचे. ते घरी येऊन बसले.

"हबीबी, चार्टर घे. दुबईवरून गोरे लोक येतात, एका सकाळचे पाचशे दिरहम टाकतात. म्हणजे आपले साडेपाच हजार! कॅप्टन ठेवू पगारी."

"आणि मी काय करू? किनाऱ्यावर चणे खात बसू?"

"मालकासारखा रुबाब कर."

"माका रुबाब नको, तय्यब. माका सुकाणू व्हया."

तय्यबभाई माझ्याकडे वळले. "वैनी, एवढे उपास करता, तुमचा देव ह्याला जरा अक्कल देईल का?"

"देवाकडे मागायच्या यादीत ते अजून खाली आहे," मी म्हटलं. तिघंही हसलो.

हौशी परवाना आला. त्यानंतरचे सुट्टीचे शुक्रवार काय सांगू! जमिनीवर मला 'अगं' म्हणणारा माणूस पाण्यावर गेला की 'प्रभा' म्हणून हाक मारायचा. मी मागे बसून स्तोत्र म्हणायची, हे गळ टाकून मध्येच एखाद्या ओळीला सूर लावायचे. चुकीचाच. आलेली सुरमई शेजारीपाजारी वाटून टाकायचे.

एका शुक्रवारी दुबईच्या अल मनखूलहून विलासराव, सुजाता आणि त्यांची लहानगी दिया आली. आमच्या भजनातली ओळख. आमच्यात नव्या होडीवर पहिल्यांदा चढणारा माणूस रिकाम्या हाताने चढत नाही. होडीच्या पुढच्या टोकाला, आम्ही तिला नाळ म्हणतो, कुंकू लावून नारळ ठेवतो आणि त्याखाली एखादं नाणं. ते नाणं होडीचं. त्याला घरातलं कुणी हात लावत नाही, नारळी पौर्णिमेला ते दर्याला जातं. विलासरावांनी नाण्याच्या जागी शंभराच्या नोटा ठेवल्या.

"विलासराव, सुट्टं नाणं पुरे," हे म्हणाले.

"भाऊ, तुमच्या लक्ष्मीला काय चिल्लर देऊ?"

ह्यांचा चेहरा खुलला. आणि नाळीवर ठेवलेलं उचलायचं नसतं. ह्यांनी नोटा तशाच ठेवून इंजिन सुरू केलं. मीही त्या उचलल्या नाहीत.

किनाऱ्याजवळच्या खडकापलीकडे गेलो तेव्हा तटरक्षकांची तपासणीची बोट आली. तरुण अधिकारी, बोलायला अगदी सभ्य. कागद पाहिले, माणसं मोजली, मग नाळीपाशी वाकला.

"हे पैसे कुणाचे?"

"होडीचे," हे हिंदीत म्हणाले.

"दिले कुणी?"

खोटं बोलणं ह्यांना जमत नाही. त्यांनी विलासरावांकडे बोट केलं. अधिकाऱ्याने दियाला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा पुट इट देअर. फॉर द बोट."

विलासराव घाईघाईने पूजा, नारळ, रिवाज असं सगळं इंग्रजीत सांगू लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "असेलही, अंकल. पण हौशी परवान्याच्या बोटीवर पाहुण्यांनी दिलेले पैसे आहेत. मी काय लिहू?"

होडी दोर बांधून ओढत नेली. सुजाता परत जाईपर्यंत रडत होती, तिलाच मला समजवावं लागलं.

महिन्याभराने अरबाब स्वतः घरी आले. चहाला हात लावला नाही.

"भिवा, हौशी परवाना आता पुन्हा मिळणार नाही. चार्टर करून घेतला तर होडी सोडतात. कॅप्टन दुसरा, खलाशी दुसरे, तुझं नाव चालणार नाही. कागदावर असतील तेवढेच चढणार. नाहीतर ती तिथेच वाळूत राहील. तू सांगशील ते करतो."

मी मनात जप धरला, पण काय मागावं ते कळेना. होडी मागितली तर ती ह्यांना सोडून जाणार, ह्यांना मागितलं तर ती वाळूत राहणार.

"वाळूत नको," हे शेवटी म्हणाले. "चार्टर करा."

नाळीवरचं कुंकू ह्यांनीच खरवडलं. नवीन नंबर ह्यांनीच रंगवला. नवा कॅप्टन कोचीचा, कोवळा मुलगा. त्याला हे सांगत होते, डावीकडे वळताना ती थोडी हट्ट करते, ओढू नकोस, थांब, आपणहून वळते. तो मान डोलवत होता.

पहिल्या दिवशी चार गोरे पाहुणे टोप्या घालून चढले. मुलाने वरून हात पुढे केला.

"आओ चाचा, एक राउंड. यल्ला! कौन देखता है?"

ह्यांनी तो हात नुसता थोपटला. "नाही बाळा. पुन्हा धरली तर सोडणार नाहीत तिला."

मग लेंगा गुडघ्यावर घेऊन हे पाण्यात शिरले आणि खांदा लावून तिला लोटलं. ती सुटली. कमरेएवढ्या पाण्यात हे तसेच उभे, हात अजून पुढे, जणू काही धरलेलं आहे. इंजिनाचा आवाज दूर जाऊन विरला तरी हलले नाहीत. मी वाळूवरून हाक मारली, आधी 'अहो' म्हणून, मग लाज सोडून नावाने. लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.