पडद्यामागची दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरीने जोडलेला, मुलांच्या कानात डोकावणारा. माझे टोक तुमच्या करंगळीच्या नखाहून लहान आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे धुळीलाही मज्जाव होता. तोंड झाकलेल्या एका बाईंनी भिंगाखाली माझ्या टोकात एक इवलीशी चकती बसवली. विजेचा स्पर्श होताच ती थरथरते आणि तुम्हाला ऐकू न येणारा आवाज निघतो. इतर जण भीतीने थरथरतात. मला तर थरथरण्यासाठीच घडवले होते.

माझे काम म्हणजे अंधारात हाक देणे आणि तिच्या परतण्याची वाट पाहणे. कानाच्या पडद्यामागे नुसती हवा असेल, तर हाक पडद्यावरूनच माघारी फिरते. यंत्रावर एकच रेघ उमटते. तो निरोगी कान. मागे पू साचला असेल, तर हाक त्यातून पार जाते, आतल्या हाडावर आपटून परतते आणि पहिल्या रेघेमागे दुसरी उमटते. मात्र माझी हाक हवेतून चालू शकत नाही. म्हणून कानात आधी कोमट जेल घालतात. त्या जेलची बाटली नेहमी उलटी ठेवायची असते, म्हणजे आतले बुडबुडे तोंडापासून दूर जातात. वाटेत एक जरी बुडबुडा राहिला, तरी हाक त्यावरूनच परतते, आणि आजारी कानही निरोगी दिसतो.

डॉक्टरताई मला ‘आमचा हेर’ म्हणत. "कानात उंदीर शिरलाय का, तेवढं बघतो हा," असे त्या मुलांना सांगत. मुले हसत. मी मात्र दर वेळी जीव मुठीत धरूनच आत शिरत असे.

एका दुपारी तापाने फणफणलेली एक पिटुकली आली. सोबत आई आणि मामा. संध्याकाळच्या गाडीने त्यांना लांबच्या प्रवासाला निघायचे होते.

"डॉक्टर, सारखा डावा कान ओढतेय ही," आई म्हणाली.

"अगं, दात येताहेत तिला," मामा हसला. "तुला दात येत होते तेव्हा तू अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होतीस!"

"दादा, तू जरा गप्प बस."

कानाची वाट अरुंद होती. कान तपासायच्या दुर्बिणीतून पडदा नीट दिसेना. डॉक्टरताईंनी मला हाती घेतले. जेल संपले होते. सिस्टरने नवी बाटली उघडली आणि औषध हलवून घ्यावे, तशी सवयीने खळखळा हलवली. आत बुडबुडेच बुडबुडे उसळले.

पिटुकली किंचाळत होती. मी आत गेलो, हाक दिली. ती अर्ध्या वाटेतून परतली. समोर बुडबुडा होता. यंत्रावर एकच रेघ उमटली, स्वच्छ, सरळ, खोटी.

"कान ठीक वाटतोय," डॉक्टरताई म्हणाल्या.

"बघ! चला, गाडी चुकेल," मामा उठला.

मला ओरडावेसे वाटले. पण माझा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

आई उठली नाही. "या बाजूनं हाक मारली की ती वळत नाही हो. परवापर्यंत वळायची."

मामाने हसतच खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या डाव्या कानामागे वाजवल्या. ती वळली नाही. उजवीकडे वाजवल्या. ती चटकन वळली. मामाचे हसू ओठांवरच विरले.

डॉक्टरताईंनी यंत्राकडे पुन्हा पाहिले. "ही रेघ फारच अलीकडे आहे. पडद्याची नाही ही. सिस्टर, बाटली हलवली होतीत?"

"हो... सवयीनं," सिस्टरचा चेहरा उतरला.

कान पुसला गेला. बुडबुडे वर जाईपर्यंत सिस्टरने बाटली उलटी धरून ठेवली. मग नवा थेंब घातला. मी पुन्हा त्या अंधारात उतरलो. दुसरी रेघ उमटू नये, असे मला वाटत होते. पण असलेली रेघ दिसली नाही तर, या विचाराने माझी गाळण उडाली होती.

पहिली रेघ उमटली. तिच्यामागे, धूसर, दुसरी.

"पू आहे, आणि कानामागे सूजही चढतेय," डॉक्टरताईंचा आवाज बदलला. "वाटेत वाढलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आज प्रवास नाही. औषध आत्ताच सुरू करू, आणि ती इथेच राहील."

"गाडी गेली खड्ड्यात," मामा पुटपुटला. तो बाकावर बसला. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्याने त्या मुठीत घट्ट आवळल्या होत्या.

पिटुकली बरी झाली. जाताना मामाने डाव्या कानामागे किल्ल्या वाजवल्या, तर तिने वळून त्या हिसकावूनच घेतल्या!

आता माझ्या टोकाला बारीक तडा गेला आहे. खणातल्या कापडावर मी पडून असतो आणि माझ्या खुंटीवर नवा प्रोब लटकतो. मित्रांनो, धाकटे भावंड कान ओढू लागले, हाकेला वळेनासे झाले, तर त्याला हट्टी म्हणू नका, मोठ्यांना सांगा. एकदा ‘ठीक आहे’ ऐकूनही मनात शंका राहिली असेल, तर पुन्हा सांगा.

खणाच्या फटीतून दर वेळी डॉक्टरताईंचा प्रश्न ऐकू येतो, "सिस्टर, बाटली उलटी होती ना?" आणि नवा प्रोब आत शिरण्याआधी, इथे अंधारात, मी त्याच्यासाठी थरथरतो.