शेजारच्या घरातला वसंत

"घर में बोशोंतो आया है, बौमा. पंद्रह दिन ऋता को मत भेजना."

दीदांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या एका कानात मीटिंग चालू होती. त्यांचं दार चार बोटं उघडं होतं, आत अंधार, आणि त्या दाराआडून बोलत होत्या. मी "अच्छा, ठीक है" म्हटलं आणि आत आले. त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

दीदा म्हणजे समोरच्या दारातल्या सुचित्राबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, एकट्या. बंगालीत आईच्या आईला दीदा म्हणतात. माझी मुलगी ऋता म्हणायला लागली, मग मीही. त्या मला बौमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई. अनीशची, माझ्या नवऱ्याची, बँकेनं कोलकात्याला बदली केली आणि आम्ही बालीगंजच्या त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचे. ऋता पहिलीत. शाळेची गाडी तिला दीड वाजता सोडायची आणि चारपर्यंत ती दीदांकडे असायची. त्या अडीच तासांवर माझी नोकरी उभी होती, हे मी कुणाजवळ बोलत नसले तरी मला पक्कं माहीत होतं.

माझं बंगाली भाजी घेण्यापुरतं. दीदांचं हिंदी कामापुरतं. तेवढ्यावर आमचं छान चाललं होतं. त्या वाक्यातलंही मला सगळं कळलं, असं वाटलं. बंगाली माणसं आपली नावं तोंडात गोल करून घेतात. अनीशचा ते ओनीश करतात. तसा वसंतचा बोशोंतो. दीदांकडे कुणी वसंत राहायला आला होता. आमच्याकडेही एक वसंतकाका होते. दोन दिवसांसाठी यायचे आणि बारा दिवस राहायचे.

पण ऋताला पाठवू नको, हे का? आधी राग आला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता माझी महत्त्वाची मीटिंग होती. मी ऋताला म्हटलं, "जा, दार वाजव. पाहुणे असले तर असू देत. तू एका कोपऱ्यात बस चित्रं काढत."

दाराच्या भिंगातून मी बघत होते. समोरचं दार साखळी न काढता जरासं उघडलं. ऋता त्या फटीला तोंड लावून काही बोलली, ऐकलं, मान हलवली आणि परत आली.

"काय म्हणाली दीदा?"

"बोशोंतो गेला की बोलावते म्हणाली."

"तू बघितलंस त्याला?"

"थोडासा दिसला."

"कसा आहे?"

"लाल," ऋता म्हणाली आणि बूट काढायला बसली.

होळी होऊन आठवडा झाला होता. जिन्यात अजून गुलालाचे डाग होते. असेल एखाद्याचा रंग निघाला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मीटिंगला बसले. पण मीटिंग संपल्यावर आधी भिंगापाशी गेले.

मार्चमध्ये कोलकाता दोन-तीन आठवडे फार सुंदर असतं. दुपारी दक्षिणेचा वारा येतो, पडदे फुगतात. गल्लीतल्या काटेसावरीची जाड लाल फुलं गाड्यांच्या टपांवर धप्पकन पडतात. त्या वर्षी प्रत्येक आवाजाला मी दचकायचे. समोर कुणी दार तर उघडलं नाही? दिवसातून वीस वेळा भिंगाला डोळा लावायचे. जिन्यातून कुणी पुरुष चढला नाही, उतरला नाही. दारं समोरासमोर असली तरी जिन्यामागे दोन्ही घरं जोडलेली होती; दीदांची बैठकीची खोली आणि माझी कामाची खोली यांच्यात एकच भिंत. दुपारी पलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. हळू, विनवल्यासारखं. मध्ये थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारख्या. पण समोरच्याचा आवाज कधीच आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधलेली दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, यांच्यातही चैत्राला कडुनिंब लागतो तर. थोडा लवकर बांधला, एवढंच.

आमच्या दोन्ही घरांची भांडी सरला करायची. सियालदहच्या गाडीनं लांबून यायची. ती समोर जायची बंद झाली.

"ओ बाड़ी में हाम नेही जाएगा, बौदी. बोशोंतो है," ती म्हणाली. मला ती बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी.

"तुमको क्या करेगा वो?"

"हामारा घर में छोटा बच्चा है ना."

बच्चा घरी आणि माणूस इथे, याचा संबंध मला लागला नाही. मी आवाज खाली आणून विचारलं, "बहुत खराब है?"

"जवान लोग का कुछ नेही. बूढ़ा लोग को छोड़ता नेही," सरला म्हणाली आणि नळ सोडला.

मग मला सगळं चित्रच दिसायला लागलं. एकटी बाई, नावावर जुना फ्लॅट, मागे बिल्डर, आणि कुठूनसा उगवलेला पुतण्या. त्या संध्याकाळी दीदा बाल्कनीत दिसल्या. आमच्या बाल्कन्यांमध्ये फक्त एक जाळी आहे. त्या पार पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या आणि पदरानं सगळं तोंड झाकलेलं. घरात मोठं पुरुषमाणूस असेल म्हणून, असं मला वाटलं. मी हात केला. त्यांनी पदराआडूनच मान हलवली आणि आत गेल्या. ऋता मात्र जाळीशी बसून त्यांच्याशी गप्पा मारायची. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "आई, तो दीदाला रात्रभर झोपू देत नाही."

मी घास ठेवला. "कोण सांगतं हे तुला?"

"दीदाच सांगते. आधी पाठीवर आला होता. आता सगळ्या अंगावर."

"ऋता, गप्प बस."

"पण आई, खरंच, तिने मला हात दाखवला, त्याच्यावर पण—"

"गप्प म्हटलं ना. असलं बोलायचं नाही. आणि उद्यापासून बाल्कनीत जायचं नाही."

मी बाल्कनीच्या दाराला वरची कडी घातली. ऋताचा हात तिथे पोचत नाही.

अनीशला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "तू नोकरी कुठली करतेस गं? भिंगापाशी बसायची?"

"त्या बाईला तो काहीतरी करतोय, अनीश. पोलिसांना सांगू या का?"

"काय सांगणार? समोर पाहुणा आलाय म्हणून? आपण भाडेकरू माणसं. मार्च संपू दे, मग मी स्वतः जाऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून बेल दाबली. एक हात मोबाइलवर, धावायला लागलं तर म्हणून चपलाही काढलेल्या. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. पण तो खालून आला. जमिनीजवळून. जणू त्या दाराला टेकून खाली बसल्या होत्या.

"के?"

"मैं, दीदा. बौमा. आप ठीक हैं?"

"भालो आछि, मा. तुम जाओ." बरी आहे, असं म्हणत होत्या.

मी दाराला ओठ लावून विचारलं, "वसंत अंदर है?"

आत श्वास ऐकू येत होता. बारीक शिट्टी असल्यासारखा.

"है," त्या म्हणाल्या. "अभी बहुत है."

मी पावलं न वाजवता घरात आले आणि दोन्ही कड्या घातल्या. तो आत, अगदी जवळ उभा आहे आणि त्यांना बोलता येत नाही, अशी माझी खात्री झाली होती. रात्री भिंतीतून पुन्हा आवाज आला. 'ओ मा, ओ मा' असं काहीतरी. इथली माणसं उठता-बसता 'ओ मा' म्हणतात. मी उशी कानावर घेतली.

तीन दिवसांनी पाडवा होता. सकाळी गुढी उभारायला मी कडी काढून बाल्कनीत गेले. दीदा भाजीवाल्याला दोरीनं पिशवी सोडायच्या, ती पिशवी पहिल्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत होती. आत एक शहाळं आणि मुरमुऱ्यांचा पुडा. पुड्याला दव लागून कागद विरघळला होता. म्हणजे कालपासून ती कुणी वर ओढलीच नव्हती. वाऱ्यानं पिशवी भिंतीवर आपटत होती आणि शहाळ्याचा पोकळ आवाज येत होता.

आईला व्हिडिओ कॉल लावला. माझी आई, शोभा, सांगलीला असते. तिला गुढी दाखवली. मग दार उघडून म्हटलं, "हे बघ, इथलेही लोक पाडव्याला कडुनिंब बांधतात."

आईनं चष्मा वर केला. "पाडव्याचा कसला? वाळून खडखडीत झालाय. भाग्यश्री, त्यांच्याकडे कुणाला कांजिण्या आल्यात का?"

"नाही गं. त्यांचा कुणी वसंत आलाय राहायला. तो जरा—"

"आई," ऋता खालून म्हणाली. ती नवा फ्रॉक घालून माझ्या पायाशी उभी होती. "बोशोंतो माणूस नसतो. ते फोड असतात. लाल लाल. आधी पाणी होतं त्याच्यात."

फोनमधून आई काहीतरी बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी ऋताला विचारलं.

"मला वाटलं, तुला माहितीये," ती म्हणाली. आणि मग, "तू गप्प बस म्हणालीस."

आईचा आवाज मोठा झाला. "अगं उभी काय राहिलीस? ऋताला दोन्ही इंजेक्शनं झालीत. आणि तुला चौथीत येऊन गेल्यात, कपाळावरचा वण बघ. तुला काही होत नाही. जा तू."

त्या मजल्यावर, त्या इमारतीत, कदाचित त्या गल्लीत, न घाबरता त्या घरात जाऊ शकेल असं एक माणूस होतं. ती मी होते. आणि मी नऊ दिवस भिंगाला डोळा लावून एका माणसाची वाट पाहत होते.

बेलला उत्तर आलं नाही. अनीशनं खालून दरवान चिन्मयला आणलं. त्यानं पहारीनं साखळी तोडली. आत कुणी वसंत नव्हता. घर लख्ख होतं. दीदा दाराजवळ नव्हत्या, पलंगावरही नव्हत्या. माझ्या कामाच्या खोलीच्या भिंतीशी, देवीच्या तसबिरीखाली, जमिनीवर, कुशीवर पडलेल्या होत्या. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. चेहऱ्यावर बोटभर जागा मोकळी नव्हती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ओठ हलले आणि तोच आवाज आला, जो मी उशी घालून बंद केला होता. इतक्या जवळून तो स्पष्ट होता. त्या 'ओ मा' म्हणत नव्हत्या. 'बौमा' म्हणत होत्या.

कांजिण्यांचा संसर्ग फुप्फुसात पसरला होता. अकरा दिवस त्या इस्पितळात होत्या, चार दिवस श्वासाच्या नळीवर. वाचल्या. बोलायला लागल्यावर मी त्यांचा हात धरून माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. वसंत नावाचा माणूस, पोलीस, उशी. मला वाटलं हसतील, नाहीतर रागावतील.

"हाम तो सबको बोला था," एवढंच म्हणाल्या. आणि माझा हात सोडवून घेऊन पांघरूण नीट केलं.

त्यानंतर नऊ महिने मी रोज दोनदा समोर जात होते. त्यांचा डबा, औषधं, फुंकण्याचा व्यायाम. जिना चढताना त्यांना तीन ठिकाणी थांबावं लागे. पुतण्या खरोखरच कुणी नव्हता. मग या जानेवारीत अनीशची नागपूरला बदली झाली. सामान बांधलं त्या दिवशी दीदा दारात आल्या नाहीत. ऋता आत जाऊन भेटून आली.

मी दर रविवारी फोन करते. त्या उचलतात आणि 'भालो आछि' म्हणतात. पण हेच त्या बंद दाराआडून जमिनीवर बसूनही म्हणाल्या होत्या. सरलानं ते काम सोडलं. आमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, वरचा मजला रिकामा झालाय. चिन्मय म्हणतो, "ठीकई आछे," पण तो फाटकावरून बोलतो. मागच्या रविवारी दीदा घाईत होत्या. म्हणाल्या, दीड वाजला, ऋताची गाडी येईल, फोन ठेवते. मी म्हटलं, "दीदा, ऋता इथे आहे, नागपूरला." त्या म्हणाल्या, हो, हो, दुपारी मी दार सताड उघडंच ठेवते, पोरीला बेलपर्यंत हात पोचत नाही.

आम्हाला ऋताची परीक्षा झाल्याशिवाय निघता येत नाही. तोवर तीन आठवडे आहेत, आणि मार्च लागला आहे.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कुणी कोलकात्यात असाल, बालीगंजच्या आसपास कामानं जात असाल, तर दुपारी एकदा दुसऱ्या मजल्यावर जाऊन याल का? इमारतीचा पत्ता संपादकांकडे दिला आहे. बंगाली येत नसलं तरी चालेल. त्या ठीक आहे म्हणाल्या तर तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, खिडकी उघडा, त्यांना उजेडात बसवून चेहरा बघा, दोन घोट पाणी प्यायला लावा. आणि मला फोन करा. कितीही वाजता करा.