कोणाला देऊ?

चार वाजता निर्माती येणार होती. तोवर सिनेमाचा पहिला प्रसंग ठरला नाही, तर पटकथा दुसऱ्याकडे देईन, असं तिने मला तोंडावर सांगितलं होतं. भिंतीवर प्रसंगांची एक्केचाळीस कार्डं चिकटवलेली आणि पहिलीच जागा रिकामी.

कादंबरी माझ्या ताईची. तिच्या सहीशिवाय सुरुवात बदलता येत नव्हती आणि ती सकाळपासून हटून बसली होती. मला कादंबरीतल्या महागरुडांच्या युद्धाने सुरुवात हवी होती. तिला तिचं पहिलं प्रकरण हवं होतं. डोंगरातली राक्षसीण दर घरामागे एक मूल मागते. आई थोरल्या मुलीला विचारते, "कोणाला देऊ?" मुलगी झोपलेल्या भावाकडे बोट दाखवते.

"अगं, युद्ध बघून लोक खुर्चीतून हलणार नाहीत," मी म्हणालो.

खरं कारण वेगळंच होतं. हा प्रसंग आमच्याच घरातला. बाबा गेले आणि मावशी दोघांपैकी एकालाच न्यायला तयार झाली. आईने ताईला विचारलं. ती नऊ वर्षांची, मी पाच. मी डोळे मिटून पडलो होतो आणि पापण्यांच्या फटीतून ताईचं बोट मला दिसलं. मावशीने माझं काही कमी केलं नाही. तरी तीस वर्षं मी ते बोट विसरलो नाही, आणि मला हे ठाऊक आहे, याचा ताईला पत्ताच नव्हता. आता तेच पडद्यावर आणायचं, तेही माझ्या हातून? माझं डोकंच फिरलं होतं.

"कापायचाय ना? मग वाच," समोर बसलेला दिग्दर्शक म्हणाला. त्याचा हा जुना खाक्या. जो प्रसंग कापायला निघतो, त्यानेच तो आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. प्रसंगात दम नसेल तर वाचणाऱ्यालाच जांभई येते, असं त्याचं म्हणणं.

मी पुस्तक उघडलं. जांभई कसली येतेय, मी पानावरून नजर न उचलता वाचू लागलो. "'मुलीने बोट उचललं. भाऊ गाढ झोपेत होता...'"

"पुढे?" दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला सहा मिनिटं होती.

"'एवढंच बरं,'" मी वाचलं, "'की त्याला हे कधीच कळणार नाही.'"

ताई खिडकीबाहेर बघत होती. एवढ्या एका समजुतीवर तिने इतकी वर्षं काढली होती. मला संताप आला आणि तिची दयाही आली.

"हाच प्रसंग घ्या," मी म्हणालो. "फक्त एक चूक आहे. तो झोपलेला नाही. जागा आहे."

"वा! हे भारी आहे," दिग्दर्शक उठलाच. "पण मग तो ओरडत का नाही?"

ताईने मान वळवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सांग ना," ती कशीबशी म्हणाली. "का नाही ओरडला?"

"त्याला वाटलं, ताई बोट खाली घेईल."